जोडीने शिकणारे उंदीर: पाळीव उंदरांना एकत्र कसरती शिकवण्याची पद्धत

पाळीव उंदराला एकट्याने एखादी कसरत शिकवणे फारसे अवघड नसते. दोन किंवा तीन उंदरांनी तीच कसरत एकमेकांशी मेळ राखून करावी, अशी त्यांची तयारी करून घेणे हे मात्र निराळ्या प्रतीचे काम आहे. या कामात बहुतेक पालकांचे सारे लक्ष उंदीर काय करतो याकडे लागलेले असते आणि तो केव्हा काहीही न करता थांबतो हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः सामूहिक कसरतीचा पाया थांबण्यातच आहे. जोडीदाराची पाळी चालू असताना आपल्या जागी स्वस्थ राहणे ज्या उंदराला जमते, त्याला पुढचे टप्पे शिकवणे सोपे जाते. ज्याला ते जमत नाही, तो कितीही चपळ आणि हुशार असला, तरी त्याच्यासह केलेल्या प्रत्येक प्रयत्नाचे पर्यवसान खाऊवरच्या झटापटीत होते.

प्रस्तुत विवेचनातील उंदीर म्हणजे तपकिरी उंदराची पाळीव जात होय. रॅटस नॉर्वेजिकस हे तिचे शास्त्रीय नाव. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पदरी उंदीर पकडणारा म्हणून ओळखला जाणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगाचे उंदीर मारण्याऐवजी राखून ठेवत असे आणि त्यांची पैदास विकत असे. १९०१ मध्ये मेरी डग्लस यांच्या प्रयत्नांमुळे एल्सबरी येथील प्रदर्शनात उंदरांना प्रथमच स्थान मिळाले. आणि १९०६ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या उंदरांचा वंश सिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीमुळे पाळीव उंदीर माणसाच्या हाताला सहज सरावतो. बाजारात पांढरा उंदीर म्हणून मिळणारा बोटभर प्राणी पुष्कळदा वेगळ्याच, लहान जातीचा असतो. त्याचे प्रौढ नर एकमेकांशी तीव्रतेने भांडतात, त्यामुळे जोडीच्या कसरतीसाठी तो योग्य नव्हे. घरातला किंवा गटारातला रानटी उंदीर, किंवा घूस, पकडून शिकवण्याचा विचार तर मुळीच करू नये, कारण लेप्टोस्पायरोसिससारखे रोग त्यांच्या मूत्रातून पसरतात आणि पकडून कोंडलेला रानटी प्राणी शिकत नाही, नुसता भितो.

उंदीर हा समूहाने राहणारा प्राणी असल्याचे शास्त्रीय पुरावे विपुल आहेत. जाक पँक्सेप यांनी अमेरिकेत केलेल्या संशोधनातून असे दिसले की खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर उंदीर सुमारे ५० किलोहर्ट्‌झचा, माणसाला ऐकू न येणारा चिवचिवाट करतात. २००७ मध्ये बर्न विद्यापीठातील क्लॉडिया रुटे आणि मिखाएल टाबोर्स्की यांनी दाखवून दिले की ज्या उंदरांना इतरांच्या मदतीने खाऊ मिळाल्याचा अनुभव आलेला असतो, ते उंदीर अनोळखी जोडीदारासाठीही काठी ओढून खाऊ पुढे सरकवण्यास अधिक तत्पर असतात. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठात एका नळीत अडकलेल्या सोबत्याला दुसऱ्या उंदराने दार उघडून मोकळे केले, आणि २०१९ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना माणसाबरोबर लपंडाव खेळायला शिकवले. त्यात बक्षीस म्हणून खाऊ न देता केवळ गुदगुल्या आणि खेळ दिला जाई. बक्षीस म्हणजे नेहमी अन्नच असते असे नाही, ही गोष्ट पालकाने या शेवटच्या प्रयोगावरून अवश्य घ्यावी.

तथापि या निष्कर्षांवरून उंदराला जोडीदाराची भूमिका समजते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. १९४२ मध्ये विल्यम डॅनियल यांनी केलेल्या प्रयोगात एक उंदीर ठरावीक फळीवर बसला असतानाच दुसऱ्याला विजेचा धक्का न बसता खाता येत असे, आणि उंदीर आळीपाळीने जागा बदलायला शिकले. परंतु हे परस्परांना समजून केलेले सहकार्य की प्रत्येकाने स्वतःपुरती शिकलेली हालचाल, हा वाद त्या प्रयोगाभोवती दीर्घकाळ चालला. (धक्क्याचा वापर आज कोणत्याही घरगुती शिक्षणात निषिद्ध मानला पाहिजे, हे वेगळे सांगणे नको.) पालकाच्या दृष्टीने सुरक्षित भूमिका अशी की, प्रारंभी प्रत्येक उंदीर जोडीदाराला केवळ परिस्थितीचा एक भाग समजतो, आणि जोडीदार जवळ असला की आपले काम फळते, हा अनुभव वारंवार येऊ लागल्यावरच तो त्याच्याकडे पाहून हालचाल करू लागतो. म्हणून शिक्षणाची रचना अशी असावी की हा अनुभव त्याला टाळता येऊ नये.

शिक्षणाची मूळ पद्धत मानसशास्त्रात ‘साधक अभिसंधान’ या नावाने ओळखली जाते. एखाद्या कृतीनंतर लगेच सुखद परिणाम घडला तर ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो, हे तिचे तत्त्व असून, कृती बळकट करणाऱ्या या परिणामाला ‘प्रबलन’ म्हणतात. बी. एफ. स्किनर यांनी १९३७ मध्ये प्लिनी नावाच्या उंदराला दोरी ओढून गोटी मिळवणे, ती पंजांनी उचलून नेणे आणि उभ्या नळीत टाकणे शिकवले होते. हा क्रम त्याने एकदम केला नाही. अपेक्षित कृतीच्या जरा जवळ जाणाऱ्या प्रत्येक हालचालीला बक्षीस देत आणि अपेक्षा हळूहळू वाढवत तो घडवला गेला. यालाच टप्प्याटप्प्याने घडवणे म्हणतात. त्यासाठी क्षण अचूक टिपणारी एखादी खूण लागते, आणि हे काम सामान्यतः ‘क्लिकर’ या टिक असा आवाज करणाऱ्या छोट्या साधनाने करतात. बटण दाबून उघडण्याच्या बॉलपेनचा आवाज त्याहून मंद असल्याने भित्र्या उंदरांसाठी तोच बरा ठरतो. आवाजानंतर लगेच खाऊ, असे काही दिवस केले की त्या आवाजाला बक्षिसाच्या वचनाचे मूल्य येते.

जोडीच्या शिक्षणातली पहिली खरी अडचण याच ठिकाणी उद्भवते. टिक हा आवाज दोन्ही उंदरांना ऐकू येतो, मग तो कोणासाठी होता हे कसे कळावे? एकाने योग्य कृती केली आणि त्याच क्षणी दुसरा पालकाच्या बाहीवर चढत होता, तर त्या एका आवाजाने दोन कृती बळकट होतात, पैकी एक नको असलेली. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की एकेकट्या शिक्षणात प्रत्येक उंदरासाठी वेगळी खूण वापरावी. एकासाठी पेनची टिक, दुसऱ्यासाठी जिभेने काढलेला ‘टक्’ असा आवाज. दुसरा उपाय संयुक्त कसरतीसाठी आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे: दोघांनीही आपापले काम बरोबर केले असेल तेव्हाच एकच सामाईक खूण करावी आणि बक्षीस दोघांना एकाच क्षणी, दोन्ही हातांनी द्यावे. एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून दिले, तर मागून मिळणारा काही दिवसांतच आपली जागा सोडून पहिल्याच्या तोंडातला खाऊ हिसकावायला धावतो. दोन्ही हात एकदम पुढे करण्याचा सराव पालकाने उंदरांशिवाय, रिकाम्या मेजावर करून पाहावा. तो सराव नसल्यामुळे बिघडणाऱ्या कसरतींची संख्या उंदरांच्या चुकीमुळे बिघडणाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक असते.

उंदरांची निवड करताना एकाच पिंजऱ्यात वाढलेली, एकाच लिंगाची भावंडे घेणे सर्वांत श्रेयस्कर. नर आणि मादी एकत्र ठेवल्यास, माद्या सहा आठवड्यांच्या आतच प्रजननक्षम होऊ शकत असल्याने आणि गर्भकाळ केवळ २१ ते २३ दिवसांचा असल्याने, शिक्षणाऐवजी पिल्लांचाच प्रश्न उभा राहतो. माद्या सहसा चंचल आणि शोधक असतात, प्रौढ नर जड आणि शांत. त्यामुळे धावणे, उडी मारणे यांसारख्या गतीच्या कसरतींसाठी माद्यांची आणि बसणे, धरणे, ओढणे यांसाठी नरांची जोडी सोयीची पडते. नवा उंदीर आणल्यास तो किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा आणि नंतर कोणाचाच हक्क नसलेल्या तटस्थ जागेत ओळख करून द्यावी. पिंजऱ्यात ज्यांचे भांडण मिटलेले नाही, त्यांचे मेजावर सख्य होत नाही.

बक्षिसाचा खाऊ अर्ध्या वाटाण्याहून मोठा नसावा. ज्वारीच्या लाह्या, मुरमुरा, शिजवलेला वाटाणा, उकडलेल्या अंड्याचा कण किंवा ओट्सचा दाणा हे सर्व चालते, पण कडधान्ये कच्ची देऊ नयेत, आणि चिक्कीसारखे चिकट पदार्थही टाळावेत, कारण उंदराला ओकारी येऊ शकत नाही आणि घशात अडकलेला घास त्याला सहज बाहेर काढता येत नाही. मुरमुऱ्यासारखा कोरडा खाऊ उचलून उंदीर कोपऱ्यात पळतो आणि तिथे बसून खातो, त्यामुळे कसरतीची लय तुटते. म्हणून जागीच चाटून घेता येईल असे पातळ दही सुई नसलेल्या सिरिंजमधून देणे जोडीच्या शिक्षणात फार उपयोगी पडते. प्रयोगशाळेत उंदरांचे वजन मुद्दाम घटवून त्यांना भुकेले ठेवण्याची रीत आहे. घरात तिची मुळीच गरज नसते. शिक्षणाची वेळ संध्याकाळच्या जेवणापूर्वी ठेवली, की पुरेशी इच्छा आपोआप असते. एका वेळी पाच ते दहा मिनिटे पुरतात, आणि उंदीर उत्सुक असतानाच थांबणे हिताचे.

एकेकट्या शिक्षणात दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली लक्ष्य-काठी, म्हणजे आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा तत्सम वस्तू, जिच्या टोकाला नाक लावले की बक्षीस मिळते. एकदा उंदीर काडीमागे चालू लागला की त्याला गोल फिरवणे, पुलावरून नेणे, कडीतून काढणे हे सर्व तिच्या आधाराने शिकवता येते. दुसरी गोष्ट पाट. प्रत्येक उंदरासाठी तळहाताएवढा लाकडी तुकडा ठेवून त्यावर त्याच्याच पिंजऱ्यातल्या वासाचे फडके बांधावे. उंदराची दृष्टी, विशेषतः गुलाबी डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराची, अंधुक असते आणि तो जगाचा बराचसा अंदाज वासावरून व मिशांवरून घेतो. त्यामुळे रंगाने वेगळे केलेल्या पाटांपेक्षा वासाने वेगळे केलेले पाट त्याला लवकर ओळखता येतात. पाटावर चारही पाय टेकले की बक्षीस, नंतर दोन सेकंद राहिला तर, मग पाच, मग दहा, अशी मर्यादा वाढवावी. याच वेळी प्रत्येकाला नावाने हाक मारून बोलावण्याचाही सराव व्हावा, आणि नावे ध्वनीने स्पष्ट वेगळी असावीत.

यानंतर दोघांना एकत्र आणून आळीपाळीचा अभ्यास सुरू होतो आणि हाच या संपूर्ण पद्धतीचा गाभा आहे. एक उंदीर पाटावर बसलेला असताना दुसऱ्याकडून अगदी सोपी, आधीच पक्की झालेली कृती करून घ्यावी. मात्र प्रारंभीच्या दिवसांत कृती करणाऱ्याला एकदा बक्षीस मिळते, तेवढ्या वेळात थांबणाऱ्याला दोनदा किंवा तीनदा मिळाले पाहिजे. पुष्कळ पालकांना हे उलटे वाटते, परंतु थांबणे हेच उंदरासाठी अधिक कठीण काम आहे. जोडीदार खाऊ मिळवत असल्याचे वास आणि आवाज यांमुळे त्याला कळत असते, आणि तरीही जागा न सोडण्याचे मोल त्याला त्याच क्षणी मिळाले नाही तर तो ती सोडणारच. पाट सोडल्यास रागावू नये, ढकलू नये. दोघांचेही बक्षीस काही क्षण थांबवावे आणि काडीने त्याला पुन्हा पाटावर आणावे. जोडीदार काम करत असताना थांबणारा शांतपणे मिशा साफ करू लागला, म्हणजे पुढच्या टप्प्याची वेळ आली असे समजावे.

पहिली संयुक्त कसरत समांतर धावण्याची ठेवावी. इस्रायलमधील हैफा विद्यापीठात रिचर्ड शुस्टर यांनी उंदरांच्या जोड्यांना एका कक्षात बरोबरीने पुढे-मागे धावल्यासच गोड पाणी मिळेल, अशी अट घालून शिकवले होते, आणि घरी तेच मेजावर सतरंजी अंथरून करता येते. दोन पाट एका टोकाला, दोन दुसऱ्या टोकाला. प्रारंभी दोघे मागेपुढे पोहोचले तरी बक्षीस द्यावे, मग दोघांच्या पोहोचण्यातले अंतर कमी झाले तरच द्यावे, आणि शेवटी दोघे जवळजवळ एकाच वेळी पोहोचले तरच. वेगवान उंदीर काही दिवसांनी दुसऱ्यासाठी मध्येच वेग कमी करू लागतो, मागे वळून पाहतो. त्या वळून पाहण्याला न चुकता प्रबलन द्यावे, कारण जोडीदाराकडे लक्ष देण्याचा तोच पहिला दृश्य अंकुर असतो. हे साधल्यावर एकाच इशाऱ्यावर दोघांनी गोल फिरणे, समोरासमोर मागच्या पायांवर उभे राहणे, या कसरती सहज जोडता येतात, परंतु लेझीमच्या पथकात उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे पाऊल बसलेले असावे लागते, तसे प्रत्येक उंदराला तो इशारा एकट्याने पक्का कळलेला असणे आवश्यक आहे.

दोघांची कामे वेगळी असतील, उदाहरणार्थ एकाने दोरी ओढून पुठ्ठ्याची गाडी जवळ आणायची आणि दुसऱ्याने तिच्यात चेंडू टाकायचा, तर क्रम उलट दिशेने शिकवावा. आधी शेवटची कृती, म्हणजे गाडी समोरच असताना चेंडू टाकणे. ती पक्की झाली की तिच्या आधीची, म्हणजे गाडी ओढणे. या रीतीला उलट साखळी म्हणतात, आणि तिचा लाभ असा की प्रत्येक प्रयत्न ओळखीच्या, बक्षिसाच्या दिशेने सरकतो. येथे एका नैसर्गिक प्रवृत्तीचा अडथळा येतो: उंदीर वस्तू साठवणारा प्राणी असल्यामुळे मऊ किंवा हलका चेंडू तो गाडीत न टाकता पिंजऱ्याकडे पळवून नेऊ पाहतो. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी १९६१ च्या निबंधात प्राण्यांच्या उपजत प्रवृत्ती शिकवलेल्या कृतीवर कशा मात करतात हे दाखवले आहे, आणि त्यावरून बोध असा की या प्रवृत्तीशी लढत बसू नये. चेंडूऐवजी पाण्याच्या बाटलीचे गुळगुळीत झाकण द्यावे, गाडी उंदराच्या अगदी जवळ ठेवावी आणि पिंजऱ्याचे दार त्याच्या पाठीमागे न ठेवता दूर ठेवावे.

सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर कसरत जोडीने एक दोरी ओढण्याची. जपानी संशोधक सातोशी हिराता यांनी चिंपांझींसाठी योजलेल्या उपकरणात एकच लांब दोरी फळीच्या कड्यांतून ओवलेली असते आणि तिची दोन्ही टोके दोन प्राण्यांच्या हाती येतात. एकाने एकट्याने ओढल्यास दोरी निसटून येते आणि फळी हलत नाही, दोघांनी एकदम ओढली तरच फळीवरचा खाऊ जवळ येतो. हेच तत्त्व पुढे हत्तींवरही तपासले गेले. उंदरांसाठी लहान प्लायवूडच्या तुकड्याला शिवणाच्या रिळांची चाके लावून आणि दोन गुळगुळीत कड्यांतून सुतळी ओवून हे उपकरण घरी बनवता येते. सुतळीच्या टोकांना गाठी मारल्यास दातात धरणे सोपे जाते. आरंभी सुतळी फळीला मध्यभागी पक्की बांधून ठेवावी, म्हणजे एकट्याच्या ओढण्यानेही फळी थोडी हलते आणि यश मिळते. मग गाठ सैल करावी, आणि शेवटी सोडावी. गाठ सुटल्यावर पहिले काही प्रयत्न निश्चित फसतात. दोघे एकदम पोहोचतील अशा रीतीने त्यांना पाटांवरून एकाच क्षणी सोडणे, आणि हे साधल्यावर एकाला क्षणभर उशिरा सोडून पहिला थांबतो का हे पाहणे, असा क्रम ठेवावा. पहिला उंदीर टोक दातात न धरता जोडीदाराची वाट पाहत थांबला, तर पाटावर घालवलेले सर्व आठवडे सार्थकी लागले असे मानण्यास हरकत नाही.

ताणाच्या खुणा ओळखणे हे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे. अंगावरचे केस फुगवून एका कुशीने जोडीदाराकडे सरकणे ही हल्ल्याची पूर्वसूचना असते. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी दिसणारा लालसर स्राव हे रक्त नसून डोळ्यांमागील ग्रंथीचे द्रव्य असते, आणि ते ताण किंवा आजार सुचवते. श्वासाची घरघर ऐकू आल्यास शिक्षण तात्काळ बंद करून पशुवैद्याकडे जावे, कारण श्वसनमार्गाचे जंतुसंसर्ग उंदरांमध्ये अतिशय सामान्य आहेत. उंदराला घाम येत नाही, तो मुख्यतः शेपटीवाटे उष्णता बाहेर टाकतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर असताना कसरत घेऊ नये. शेपटी धरून उचलणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

घरात किंवा मित्रमंडळींसमोर केलेली कसरत ही खासगी बाब आहे. परंतु प्रेक्षकांना प्रवेश असलेल्या कार्यक्रमात किंवा चित्रपटात प्राण्यांकडून खेळ करवून घ्यायचे असल्यास, खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीसंबंधी २००१ चे नियम लागू होतात आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे भाग असते. शाळेच्या किंवा सोसायटीच्या जाहीर कार्यक्रमात प्रयोग दाखवू इच्छिणाऱ्यांनी ही चौकशी आधीच करावी.

उंदराचे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे असल्याने जोडीची कारकीर्द अल्पकाळाचीच असते. दीड वर्षानंतर, विशेषतः नरांमध्ये, मागच्या पायांचे बळ कमी होऊ लागते. अशा उंदरासाठी उड्या आणि उभे राहणे थांबवून कडी ओढणे, नाकाने घंटी वाजवणे अशी जमिनीलगतची कामे द्यावीत आणि धावण्याचे काम तरुण जोडीदाराकडे सोपवावे. जोडीतील एक गेल्यास उरलेल्याला एकटे ठेवू नये; नव्या सोबत्याशी ओळख पूर्ण झाल्यावर शिक्षण पुन्हा पाटापासून, आणि नव्या उंदराच्या गतीने, सुरू करावे.